क्वारंटाइनमधला चाळीस: इंग्रजी शब्द मुळापासून कसा शिकावा

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत इंग्रजी शब्दांच्या याद्या असतात. डावीकडे शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोजचे वीस पाठ करा. आठवडा संपेपर्यंत त्यातले चारपाच डोक्यात राहतात, आणि तेही वाक्यात घालायची वेळ आली की दगा देतात. मला ही पद्धत कधीच पटलेली नाही. आठवड्याला दोनच शब्द घ्या, पण ते कुठून आले, वाटेत कसे बदलले आणि आज कोणत्या शब्दांच्या संगतीत हिंडतात, हे सगळं काढा. त्या दोनांच्या मागोमाग दहाबारा आपोआप येतात.

इथे नमुन्यादाखल एकच शब्द घेऊ: क्वारंटाइन. २०२० नंतर हा शब्द माहीत नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. मुद्दाम ओळखीचा घेतला, कारण ‘माहीत आहे’ आणि ‘वापरता येतो’ यांतलं अंतर अशाच शब्दात चटकन दिसतं.

साहित्य फार लागत नाही. एक वही आणि नेट असलेला मोबाइल. अर्थ आणि उच्चारासाठी केंब्रिज किंवा ऑक्सफर्डचा शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश, दोन्ही नेटवर फुकट आहेत. व्युत्पत्तीसाठी एटिमॉनलाइन, तोही फुकट. आणि शब्दाचं संस्कृत-मराठीशी नातं निघतंय असं वाटलं तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि टर्नरचा भारतीय आर्य भाषांचा तुलनात्मक कोश. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

पायरी १: आधी ऐका

आपल्या वृत्तपत्रांनी ‘क्वारंटाइन’ रूढ केलं, तेच आपल्या तोंडी बसलं. शब्दकोशातलं स्पीकरचं चिन्ह दाबलं की ऐकू येतं ‘क्वॉरन्टीन’. शेवट मशीन, रुटीन यांच्यासारखा, आणि जोर पहिल्याच अक्षरावर. मराठी बोलताना क्वारंटाइनच म्हणा, उगाच शेजाऱ्यांसमोर साहेबी उच्चार काढू नका. इंग्रजी वाक्यात मात्र ‘टीन’. या लेखातही मी तसंच लिहिणार आहे: मराठी मजकुरात क्वारंटाइन, इंग्रजी उदाहरणांत क्वॉरन्टीन.

स्पेलिंग अजून पाठ करू नका. ते तिसऱ्या पायरीवर आपोआप सुटतं.

पायरी २: कोश उघडण्याआधी अंदाज बांधा

शब्द जिथे भेटतो अशी तीन वेगवेगळी वाक्यं गोळा करा. तीन वेगळ्या क्षेत्रांतली असतील तर उत्तम. माझी तीन अशी:

बंदरात आलेलं जहाज क्वारंटाइनमध्ये ठेवलं. परदेशातून आणलेल्या कुत्र्याला विमानतळावरून थेट क्वारंटाइनमध्ये नेलं. अँटिव्हायरसने एक फाइल क्वारंटाइन केली.

आता तिन्हींत समान काय, ते विचारा. आजार? फाइल आजारी पडत नाही. शिक्षा? कुत्र्याने काही गुन्हा केलेला नाही. समान आहे तो संशय. यात काही वाईट असू शकतं, अजून खात्री नाही, म्हणून ठरेपर्यंत बाजूला ठेवा. अँटिव्हायरस ती फाइल पुसून टाकत नाही, वेगळ्या कप्प्यात कोंडून ठेवतो आणि पुढचं तुम्हाला विचारतो. हा ‘संशय’ वहीत ठळक लिहून ठेवा, सातव्या पायरीवर त्याच्याशी गाठ आहे. यादीत ‘क्वारंटाइन = विलगीकरण’ वाचणाऱ्याच्या हाती हा धागा लागत नाही.

पायरी ३: मुळाशी जा

आता एटिमॉनलाइन उघडा. नोंद वाचताना तीन गोष्टी शोधायच्या: कोणत्या शतकात शब्द इंग्रजीत आला, कोणत्या भाषेतून आला, आणि तेव्हाचा अर्थ काय होता.

गोष्ट सुरू होते एड्रियाटिक समुद्राच्या काठी. चौदाव्या शतकाच्या मध्यावर प्लेगने युरोप झोडपून काढला. जहाजांवर जगणाऱ्या बंदरांपुढे पेच असा, की व्यापार थांबवला तर उपासमार आणि चालू ठेवला तर मरण. रागुसा या नगरराज्याने, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्निकने, १३७७ मध्ये फर्मान काढलं: साथीच्या मुलखातून येणाऱ्याने आधी जवळच्या म्रकान बेटावर किंवा त्साव्तात या गावी महिनाभर राहायचं, मगच शहरात पाऊल टाकायचं. म्हणजे मुदत होती तीस दिवसांची. व्हेनिसने १४२३ मध्ये खाडीतल्या एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी कायमचं इस्पितळ उभारलं, आणि पुढे १४६८ मध्ये संशयित जहाजांसाठी दुसरं बेट राखून ठेवलं. तिकडे तिसाचे चाळीस झाले. इटालियनमध्ये चाळीसला म्हणतात क्वारांता. त्यावरून चाळीस दिवसांच्या मुदतीला क्वारांतेना, क्वारांतिना अशी नावं पडली आणि तिथून इंग्रजीत क्वॉरन्टीन.

चाळीसच का, याची कारणं दोन सांगितली जातात. एक, तीव्र आजार चाळीस दिवसांच्या आत आपलं रूप दाखवतो, ही प्राचीन ग्रीक वैद्यकातली समजूत. दुसरं, ख्रिस्ती धर्मातलं या आकड्याचं महत्त्व: येशूने रानात उपवास केला तो चाळीस दिवस. ईस्टरआधीच्या उपवासकाळाला पोर्तुगीजमध्ये क्वारेज्मा म्हणतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ‘कोरेज्म’ ऐकला असेल, तर तोच हा शब्द, आणि त्याच्याही पोटात चाळीसच आहेत.

आता स्पेलिंग. बहुतेकांचं चुकतं ते ‘आर’नंतर. काही जण तिथे ‘ई’ लिहितात, काही जण ‘आर’ दोनदा. क्वारांता शब्दात क्यूच्या जोडीचा यू सोडला तर सगळे स्वर ‘ए’ आहेत. तेव्हा क्यू-यू-ए-आर-ए-एन-टी लिहायचं आणि त्याला आय-एन-ई जोडायचं. मूळ माहीत असलं की हे घोकावं लागत नाही. व्युत्पत्ती म्हणजे नुसती गंमत असं समजणाऱ्यांना मी हे पहिलं उदाहरण देतो.

नोंद जरा खाली वाचलीत तर एक जुनाच अर्थ समोर येईल. इंग्लंडच्या कायद्यात क्वॉरन्टीन म्हणजे विधवेचा हक्क: नवरा वारल्यावर चाळीस दिवस तिला त्याच्या घरातून कोणी काढू शकत नसे. ही तरतूद १२१५ च्या मॅग्ना कार्टात आहे. जहाजं, प्लेग यांचा तिथे काही संबंध नाही, चाळीस तेवढे समान.

आणि इथेच एक सावधगिरी. ‘मूळ अर्थ चाळीस दिवस, म्हणजे चौदा दिवसांना क्वारंटाइन म्हणणं चूक’ असं २०२० मध्ये बरेच हुशार लोक सांगत होते. हा वाद साडेतीनशे वर्षं जुना आहे. लंडनच्या सॅम्युअल पेपिसने १६६३ च्या नोव्हेंबरात रोजनिशीत लिहून ठेवलंय, की प्लेगच्या मुलखातून येणाऱ्या जहाजांना तीस दिवसांचा क्वॉरन्टीन लावायचं ठरलं. हे शब्दाच्या मूळ अर्थाशी जुळत नाही, पण लोकांच्या वापरात तो आता त्या गोष्टीचं नाव झालाय, दिवसांच्या संख्येचं नाही, अशी मल्लिनाथीही त्याने तिथेच केली आहे. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या अंतराळवीरांना तीन आठवडे कोंडून ठेवलं, तोही क्वारंटाइनच. मूळ शब्द लक्षात ठेवायला मदत करतं. अर्थ ठरवतो तो वापर, आणि दोघांचं जमलं नाही तर वापराचं ऐकायचं.

पायरी ४: भाकडकथा गाळा

व्युत्पत्तीच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं त्यातलं बरंच बनावट असतं. नमुना म्हणून ‘पॉश’. विलायत ते मुंबई प्रवास करणारे श्रीमंत साहेब जाताना बोटीच्या डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे सावलीतली केबिन घेत, आणि त्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं तिकिटावर छापलेली असत, त्यातून पॉश आला, असं सांगतात. गोष्ट झकास आहे. पण तसं छापलेलं एकही तिकीट आजवर कोणाला दाखवता आलेलं नाही. ‘सॅलरी’चंही तसंच. लॅटिनमधल्या मिठाच्या शब्दाशी त्याचं नातं खरं आहे, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मोजून देत असत याला पुरावा नाही.

ओळखायची सोपी खूण: शब्द विसाव्या शतकाच्या आधीचा असेल आणि कोणी तो आद्याक्षरांपासून बनला असं सांगत असेल, तर विश्वास ठेवू नका. रडार, लेझर हे खरोखर तसे बनलेत, पण ते अलीकडचे.

पायरी ५: गोतावळा शोधा

मराठी माणसासाठी ही सगळ्यात रसाळ पायरी. इटालियन क्वारांता आला लॅटिन क्वाद्रागिंतापासून, आणि लॅटिनमध्ये चार म्हणजे क्वात्तुओर. आपल्याकडे चार आला संस्कृत चत्वारःपासून आणि चाळीस चत्वारिंशत्‌पासून. क्वात्तुओर आणि चत्वारः एकाच मूळ भाषेतून फुटलेल्या दोन शाखा आहेत. म्हणजे क्वारंटाइनमधला चाळीस आणि आपला चाळीस हे दूरचे का होईना, सख्ख्या रक्ताचे.

क्व आणि च यांचा हा मेळ योगायोगाचा नाही. पाचसाठी संस्कृतात पञ्च, लॅटिनमध्ये क्विंक्वे. ‘आणि’साठी संस्कृतात च, लॅटिनमध्ये क्वे, आणि दोन्हीकडे तो शब्दाच्या मागे येतो. ही अदलाबदल एकदा कानात बसली की क्यूने सुरू होणारे इंग्रजी शब्द परके वाटत नाहीत.

आता चाराच्या घरातले इंग्रजी शब्द मांडा. क्वार्टर म्हणजे चौथा हिस्सा. कंपन्यांचे तिमाही निकाल त्यातूनच आले, आणि बारमधली क्वार्टरसुद्धा. (साडेसातशे मिलीचा चौथा हिस्सा एकशे ऐंशी होत नाही, ही तक्रार तिथल्या काउंटरवर करावी.) शहराचा किंवा छावणीचा एक भाग, त्यावरून राहायची जागा, म्हणून पोलिस क्वार्टर्स आणि हेडक्वार्टर. स्क्वेअर म्हणजे चौकोन, आणि आपला चौकही. स्क्वॉड आणि स्क्वॉड्रन हे चौकोनी रचनेत उभ्या केलेल्या तुकडीवरून. क्वारी म्हणजे दगडाची खाण, कारण तिथे दगड चौकोनी घडवत. केडर आला इटालियनमधून फ्रेंचमार्गे. त्याचा मूळ अर्थ चौकट, तेव्हा ‘महाराष्ट्र केडरचे अधिकारी’ म्हणजे महाराष्ट्राच्या चौकटीतले. ग्रीकांनी चाराचा टेट्रा केला. टेट्रा पॅकचं पहिलं पाकीट चार त्रिकोणी बाजूंचं होतं, नाव त्यावरूनच.

एवढे शब्द एका फटक्यात मिळाले. पण दिसतो तो प्रत्येक शब्द या घरातला नसतो. शिकाऱ्याचं सावज या अर्थाचा क्वारी स्पेलिंगने अगदी खाणीसारखाच असला, तरी तो आला चामड्याच्या फ्रेंच शब्दाच्या वाटेने. शंका आली की कोश उघडायचा.

पायरी ६: वापर, आणि मराठीमुळे होणारे घोटाळे

इथे घाई करू नका, कारण नोकरीच्या मुलाखतीत किंवा ईमेलमध्ये कोणी चाळीस दिवसांची गोष्ट विचारणार नाही. तिथे वाक्य बरोबर आहे का एवढंच बघतात.

आपण मराठीत म्हणतो ‘तो क्वारंटाइन आहे’. त्याचं सरळ इंग्रजी करून लोक म्हणतात, ही इज क्वॉरन्टीन. चूक. इंग्रजीत क्वॉरन्टीन हे नाम आहे आणि क्रियापदही, विशेषण नाही. एक तर ‘ही इज इन क्वॉरन्टीन’ म्हणा, नाही तर ‘ही इज क्वॉरन्टीन्ड’. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्का मारत. त्यावरचे शब्द आठवा: होम क्वॉरन्टीन्ड. शेवटी तो ‘डी’ होता. सरकारी शिक्क्याचं व्याकरण बिनचूक होतं.

‘तो क्वारंटाइन झाला’ याचं ‘ही बिकेम क्वॉरन्टीन’ होत नाही. ‘ही वेन्ट इन्टू क्वॉरन्टीन’. ‘त्यांनी प्रवाशांना क्वारंटाइन केलं’ यात ‘केलं’साठी वेगळं क्रियापद शोधू नका, शब्द स्वतःच काम करतो: दे क्वॉरन्टीन्ड द पॅसेंजर्स. किंवा, दे पुट द पॅसेंजर्स इन क्वॉरन्टीन. माणूस स्वतःहून घरी थांबला असेल तर ‘ही क्वॉरन्टीन्ड अ‍ॅट होम’ हेही आता सर्रास चालतं.

‘इन क्वॉरन्टीन’मध्ये ‘द’ लागत नाही. हुकमाचा बंदोबस्त सुचवायचा असेल, विशेषतः जहाज, इमारत किंवा गाव असेल, तर ‘अंडर क्वॉरन्टीन’. दिवस सांगताना दोन साचे आहेत: ‘इन क्वॉरन्टीन फॉर फोर्टीन डेज’ आणि ‘अ फोर्टीन-डे क्वॉरन्टीन’. दुसऱ्यात डेला एस लावायचा नाही, मध्ये जोडरेघ द्यायची. नियम मोडणाऱ्यासाठी ‘ब्रेक क्वॉरन्टीन’, बंधन उठवलं की ‘लिफ्ट द क्वॉरन्टीन’.

अशी संगत कुठे मिळेल? शब्दकोशातली उदाहरणं वाचा, आणि नेटवरच्या बातम्यांत शब्द शोधून त्याच्या लगेच आधी आणि लगेच नंतर काय येतं एवढंच टिपा. दहा बातम्या पाहिल्यात तरी नक्षी दिसायला लागते.

लाक्षणिक वापरही बघून ठेवा. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबाच्या पेचप्रसंगात केनेडींनी बेटाभोवती आरमार उभं केलं आणि त्याला ब्लॉकेड न म्हणता क्वॉरन्टीन म्हटलं. ब्लॉकेड म्हणजे नाकेबंदी, आणि आंतरराष्ट्रीय कायद्यात ती युद्धाची कृती ठरते. समानार्थी शब्दांत निवड करताना किती काही पणाला लागू शकतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पायरी ७: शेजारी वेगळे काढा

मराठीत आपण विलगीकरणावर सगळं भागवतो, इंग्रजीत तीन शब्द वेगळे आहेत. दुसऱ्या पायरीवरचा ‘संशय’ आता काढा.

क्वॉरन्टीन संशयितासाठी. माणूस धडधाकट दिसतो, पण संपर्कात आला होता. आयसोलेशन आजारी ठरलेल्यासाठी, म्हणून इस्पितळात असतो तो आयसोलेशन वॉर्ड. हा शब्द लॅटिन इन्सुलापासून, म्हणजे बेट. आयसोलेट करणं म्हणजे बेटावर नेऊन ठेवणं. इन्सुलिनही त्याच घरातलं, कारण ते स्वादुपिंडातल्या बेटांसारख्या पेशीपुंजांत तयार होतं. आणि तिसरा सेग्रिगेशन: मूळ अर्थ कळपापासून वेगळं काढणं. पुण्यात १८९७ च्या प्लेगात रँडच्या कारकिर्दीत रुग्णांना इस्पितळात आणि त्यांच्या घरच्यांना हलवत ते सेग्रिगेशन कॅम्पमध्ये. आजच्या व्याख्येने ते क्वारंटाइनच झालं असतं. पण सेग्रिगेशनला पुढे अमेरिकेतल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाचा असा काही वास चिकटला, की माणसांच्या बाबतीत आरोग्य खातं आता तो टाळतं. आज तो आपल्याला भेटतो ओल्या-सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणात.

पायरी ८: वहीचं पान

एका शब्दाला एक पान. वर शब्द आणि कानाने टिपलेला उच्चार. खाली मूळ एका ओळीत, दोन नाही: ‘इटालियन क्वारांता, चाळीस, प्लेगची जहाजं’. त्याखाली गोतावळ्यातले पाचसहा शब्द. मग चार वाक्यं, आणि ती स्वतःच्या आयुष्यातली हवीत. कोशातलं वाक्य उतरवलंत तर ते कोशाचंच राहतं. शेती करत असाल तर रोपांच्या आयातीवर लिहा, प्लांट क्वॉरन्टीन नावाचा कायदेशीर प्रकार आहेच. मासे पाळत असाल तर नवा मासा टाकीत सोडण्यापूर्वी वेगळ्या भांड्यात का ठेवता, ते लिहा.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने. प्रत्येक वेळी पान झाकून एक नवं वाक्य लिहायचं आणि मगच पान उघडायचं. नुसतं पुन्हा वाचलं तर ‘येतंय की’ असं वाटतं आणि येत काहीच नसतं.

सरावाला पुढचा शब्द मीच देतो: मंगूस. इंग्रजीत तो आपल्याकडच्या मुंगसावरून गेलाय, कोश तसं नोंदवतोही. आठही पायऱ्या त्याच्यावर चालवा. वापराच्या पायरीवर अनेकवचन काढा. इंग्रजीत गूसचं गीस होतं, मग मंगूसचं काय होईल ते कोश न उघडता आधी मुळावरून ठरवा, आणि मग तपासा.